झाकलेलं डोकं

"ओढणीला पिना दोन लावायच्या. एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. तिसरी मनाला, ती मला दिसत नाही, पण वर बसलाय त्याला दिसते."

चक्रनारायणबाईंचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आम्ही शाळेच्या ओट्यावर रांगेत उभ्या होतो आणि बाई प्रत्येकीसमोर थांबून तिला वरपासून खालपर्यंत बघत पुढं सरकत होत्या. मे महिना होता. खडकुलीच्या मिशन बोर्डिंगमध्ये दर वर्षी चर्चच्या मंडळ्यांमधल्या तरुण मुलींचं शिबिर भरायचं. मुलांचं वेगळं, दिवाळीत. मी तेव्हा सतरा वर्षांची होते.

नियम आधीच घरी कळवलेले असत. बाह्या कोपरापर्यंत, दोन वेण्या वर बांधलेल्या, टिकली नाही, गजरा नाही, वाजणाऱ्या बांगड्या नाहीत. मोठ्यानं हसायचं नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकायचं. मला त्यात काही जड वाटत नव्हतं. आमच्या घरी तसंच होतं. शिवाय त्या वर्षी मी स्वतःच एक नेम धरला होता, दिवसभरात खोटं बोलायचं नाही आणि झोपण्याआधी त्याचा हिशेब प्रभूपुढं मांडायचा. तो नेम आजही आहे. हळू बोलणाऱ्या माणसाला असा नेम तसा सोपा जातो, त्याला फार कुणी विचारत नाही.

"हेलन, हे नखांना काय आहे?"

"मेंदी, बाई. मावशीचं लग्न झालं."

"नखांचं लग्न झालं का? नाही ना? मग घासून काढ."

हेलन साठे पुण्याची. रांगेत खुसखुस झाली. बाईंनी मान वळवली तशी थांबली.

रांगेच्या शेवटी एक सडपातळ मुलगी उभी होती. आम्ही सगळ्या उघड्या डोक्यानं उभ्या, तिनं मात्र ओढणी कपाळापर्यंत ओढून हनुवटीखाली पिनेनं घट्ट केली होती. ऊन तोंडावर येत होतं, घामाचे ओघळ गालावर आले होते.

"नाव काय बाळ?"

"एस्तेर मकासरे. सलाम, बाई."

"पाळक मकासऱ्यांची का? वडगावच्या चर्चच्या?"

"हो."

"आता कुठं प्रार्थना चालू नाही. मग डोकं का झाकलंस?"

एस्तेरनं हनुवटीखालची पीन चाचपली. मग म्हणाली, "राहू द्या ना, बाई."

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "राहू दे. राहू दे हो. बघा गं मुलींनो. याला म्हणतात घरचं वळण."

मला बाईंनी खोलीप्रमुख केलं होतं. एस्तेर माझ्याच खोलीत आली, माझ्या शेजारी तिनं पथारी टाकली. झोपतानाही तिनं ओढणी काढली नाही.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ उरकायची आणि मग वाचायला बसायचं, अशी माझी सवय. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी पत्र्याच्या न्हाणीकडं गेले. दाराला कडी नव्हती, आत कुणी असलं तर दारावर टॉवेल टाकायची पद्धत. टॉवेल नव्हता. मी दार ढकललं.

एस्तेर बादलीपुढं बसली होती. तिच्या डोक्यावर केस नव्हते. म्हणजे होते, पण कापणी झाल्यावर शेतात बुडखे राहतात तसे. कुठं बोटभर, कुठं टाळू दिसेल इतके. कात्री चालवणाऱ्याचा हात थरथरला असावा.

तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले. मी दार लावून घेतलं आणि आतच उभी राहिले. बाहेर कुणी येऊ नये म्हणून दाराला पाठ लावली. का, ते मला सांगता येणार नाही.

"टॉवेल उडाला वाटतं," ती म्हणाली.

"टायफॉइड झाला होता का?"

"नाही."

"उवा?"

"बाबांना तसंच सांगितलंय." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "करुणा, कुणी बघितलं तर विचारतील. विचारलं तर कळेल. आणि कळलं तर माझ्या बाबांना मंडळीचं काम सोडावं लागेल."

"केसांमुळं?"

"हो."

"असं कसं होईल?"

"होईल. आमच्या आधीच्या पाळकांच्या बाळाच्या मनगटाला काळा दोरा दिसला होता. आजीनं बांधलेला. मंडळीच्या पंचांनी एका रविवारात त्यांचं सामान बाहेर काढायला लावलं."

मला काही कळेना. काळा दोरा आणि कापलेले केस यांचा मेळ मला बसेना. पण ती ओल्या अंगानं कुडकुडत होती, मे महिन्यात. मी म्हणाले, "मी आपणहून कुणाला सांगणार नाही. पण मला कुणी सरळ विचारलं तर मी खोटं बोलू शकत नाही. माझा नेम आहे."

"बरा नेम आहे तुझा," ती म्हणाली. "मग विचारू देऊ नकोस."

पुढचे दिवस माझं तेवढंच काम झालं, विचारू न देणं.

पण बाईंच्या मनात एस्तेर भरली होती. न्याहारीच्या वेळी त्या म्हणाल्या, "मकासऱ्यांची मुलगी जेवताना, झाडताना, पाणी भरताना डोकं झाकून असते. मी काल दिवसभर बघतेय. देव काय फक्त प्रार्थनेच्या वेळीच असतो? आजपासून सगळ्यांनी दिवसभर डोकं झाकायचं."

मग हेलनचा आवाज, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "घ्या. मेंदूची भाजी शिजणार आता."

दुपारी खो-खो खेळताना सगळ्यांच्या ओढण्या पायात यायला लागल्या. एक मुलगी तोंडावर आपटली. झाडाखाली बसून मुली ओढणीनंच वारा घ्यायच्या, बाई दिसल्या की डोक्यावर. आणि सगळा राग एस्तेरवर.

"आली संत एस्तेर!"

"वर जाताना आम्हाला पण ने गं. तुझ्या ओढणीला धरून येतो."

"ए, तू न्हाताना पण झाकतेस का?"

एस्तेर हसायची. ते हसू बघून मला भीती वाटायची.

हेलन माझ्याकडं आली. "करुणा, तू शेजारी झोपतेस ना? खरं सांग, नाटक करते ना ती?"

"नाटकी मुलगी नाही ती."

"मग काय आहे?"

"मला कळत नाही," मी म्हणाले. आणि ते अगदी खरं होतं.

त्याच दिवशी बाईंनी मला कोठीघरात बोलावलं. तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"करुणा, ती रात्री काय करते? प्रार्थना करते का?"

"रात्री ती जागी असते, बाई."

"जागी असते!" बाईंचे डोळे भरून आले. "बघ. आणि कधी रडते का?"

"रडते."

"ओझं असतं गं अशा माणसांवर. इतरांसाठी रडतात ती." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शनिवारी संध्याकाळी तिला साक्ष द्यायला उभी करू. डोकं झाकण्याची प्रेरणा तिला कशी झाली, ते तिनं आपल्या तोंडानं सांगावं. ऐकून दोन मुली जरी सुधारल्या तरी पुष्कळ झालं."

मी दोन्ही वेळा खरं बोलले होते. आणि त्या खऱ्यातून काय तयार झालं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढं उभं होतं. मी कोठीघरातून बाहेर आले तेव्हा आपण नेम पाळला की मोडला, तेच मला समजेना.

एस्तेरला मी भांडी घासताना सांगितलं. दुपारची वेळ, हौदाजवळ आम्ही दोघीच होतो. तिच्या हातातलं पातेलं राखेत पडलं.

"साक्ष? सगळ्यांपुढं?"

"हो. तू देवाच्या प्रेरणेनं डोकं झाकतेस असं त्यांना वाटतं."

"उभं राहून असं बोलायचं? देवाचं नाव घेऊन?" ती पातेलं उचलायला वाकली आणि तशीच वाकून राहिली. "मला नाही जमायचं. आणि खरं सांगितलं तर बाबा रस्त्यावर येतील. रविवारी ते इथं येणारेत करुणा, मला न्यायला. बाईंच्या शेजारी बसतील."

"खरं काय आहे, एस्तेर?"

तिनं समोरच्या डोंगराकडं हनुवटी केली. बोर्डिंगच्या मागच्या फाटकापासूनच चढ सुरू व्हायचा. वर डोंगराईचं देऊळ. खालून फक्त पांढरा ठिपका दिसायचा.

"तिथं द्यायचेत."

"काय?"

"केस."

मग तिनं सगळं सांगितलं, राखेचा हात तसाच ठेवून. तिचा धाकटा भाऊ, सॉलोमन, माघात तापानं फणफणला. मेंदूपर्यंत गेला ताप. तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलेला. वडील खाटेशी गुडघे टेकून. मंडळीनं उपास धरला. डॉक्टरांनी हात टेकले त्या संध्याकाळी आई खिडकीशी उभी होती आणि खिडकीतून हा डोंगर दिसत होता. आईचं माहेर याच डोंगराच्या पलीकडचं. लहानपणी ती आजीबरोबर इथं चढून यायची, बाप्तिस्मा व्हायच्या आधी. तिच्या तोंडून निघून गेलं, माझ्या लेकराला राख, माझ्या लेकीचे केस तुला वाहीन.

"तुझे का? स्वतःचे का नाही?"

"पाळकाच्या बायकोचे केस गेलेले सगळ्या गावाला दिसले असते. माझं काय, मुलीच्या डोक्यात उवा होतातच." एस्तेर जरा हसली. "आणि माझे चांगले होते गं. कमरेखाली."

"आणि सॉलोमन?"

"पहाटे ताप उतरला. बाबा म्हणतात प्रभूनं बरं केलं. आईसुद्धा तेच म्हणते. रडत म्हणते."

"मग वेणी कशाला वाहायची? प्रभूनं बरं केलं तर?"

"मीसुद्धा हेच विचारलं. आई म्हणाली, शब्द ज्याला दिला त्याचा पाळायचा. शब्द मोडून मी प्रभूपुढं तरी कशी उभी राहू?"

शब्द पाळावा, हे तर आम्हाला शिकवलेलंच होतं. देवाशिवाय दुसऱ्या कुणाला काही वाहू नये, हेही शिकवलेलं होतं. दोन्ही एकाच बाकावर बसून, त्याच बाईंच्या तोंडून. ती दोन एकमेकांसमोर अशी येऊन उभी राहतील असं कुणी सांगितलं नव्हतं.

"शिबिराला मला यासाठीच पाठवलंय," एस्तेर म्हणाली. "वेणी ट्रंकेत तळाला आहे. आईच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात. मी वर नेऊन ठेवीन असं वचन दिलंय तिला. पण फाटकाबाहेर जाता येत नाही, आणि आता तर सगळे माझ्याकडंच बघत असतात. मी डोकं झाकलं ते कुणी बघू नये म्हणून. आणि बघ काय झालं!"

तिला हसू फुटलं. मलाही. आम्ही दोघी हौदाच्या कडेला बसून हसत राहिलो आणि हसता हसता ती कधी रडायला लागली ते कळलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या. भजन झालं. मग बाई म्हणाल्या, "आता आपली एस्तेर साक्ष देईल."

मागून कुणीतरी घशात खाकरलं. एस्तेर पुढं गेली. तिचे हात ओढणीच्या पिनेशी गेले. मला वाटलं पीन नीट करतेय. पण तिनं ती काढली, आणि ओढणी मागं सोडून दिली.

पुढं बसलेल्या मुली गुडघ्यांवर उठून बघायला लागल्या.

"माझं कौतुक करू नका," ती म्हणाली. "मी भक्तीनं डोकं झाकत नव्हते. लाजेनं झाकत होते. माझ्यामुळं तुम्हाला सगळ्यांना त्रास झाला. एवढंच सांगायचं होतं."

ती खाली बसायला निघाली. बाई उठल्या.

"थांब बाळ. केस कशानं गेले?"

"गेले नाहीत. दिले."

"दिले? कुणासाठी?"

एस्तेरनं माझ्याकडं बघितलं नाही. "माझा भाऊ मरायला टेकला होता. तो जगावा म्हणून."

बाईंनी तोंडावर पदर धरला. आता विचारतील, कुणाला दिले, कुठं दिले. तेवढा एक प्रश्न. पण बाई पुढं आल्या आणि त्यांनी एस्तेरचं ते कातरलेलं डोकं दोन्ही हातांत धरून छातीशी घेतलं.

"ऐकलंत? भावासाठी! स्त्रीचं वैभव देवापुढं ठेवलं या पोरीनं आणि वर लपवून ठेवलं, बोभाटा केला नाही. शास्त्रातसुद्धा नवस फेडायला केस कातरलेले आहेत. आणि आपण टिकली आणि मेंदीवर भांडतोय!"

बाईंना रडू आवरेना. मग सगळ्याच रडायला लागल्या. हेलन उठून पुढं आली, एस्तेरच्या डोक्यावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाली, "मला माफ कर गं. टोचत नाहीत ना?" गाणं सुरू झालं. बाईंच्या हाताखालून एस्तेर माझ्याकडं बघत होती. इतकं घाबरलेलं तोंड मी पुन्हा कधी बघितलं नाही.

गर्दी पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. "मी खरं बोलले का गं?"

"एकही शब्द खोटा नव्हता."

"मग असं का वाटतंय?"

मी खाली राहिलेली तिची ओढणी उचलून तिच्या हातात दिली.

रविवारी सकाळी एस्तेरला श्वास घ्यायला जागा उरली नाही. जिथं ती जाईल तिथं चार मुली. कुणी तिचं ताट घेई, कुणी तिच्याकडून स्वतःसाठी प्रार्थना मागे. बाईंनी तिला अर्पणाचं तबक घेऊन पुढं चालायला निवडलं होतं आणि तालमीसाठी शेजारीच बसवून घेतलं होतं. उपासनेआधी एकांताचा तास असायचा. त्या वेळात प्रत्येकीनं आवारातलं एक झाड धरायचं आणि मनन करत बसायचं. कुणी कुणाशी बोलायचं नाही, बाईंनीसुद्धा नाही. त्यानंतर पालक येणार, जेवण होणार, आणि गाड्या सुटणार.

ओढणी बदलायच्या निमित्तानं एस्तेर खोलीत आली तेव्हा मी तिथंच होते.

"संपलं," ती म्हणाली. "एकांताच्या तासातही बाई मला ओट्यावर तबकाच्या तालमीलाच बसवणारेत. आई दारातच विचारेल. मी काय सांगू तिला?"

"वेणी माझ्याकडं दे."

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू? तू तर मेणबत्तीपुढंसुद्धा हात जोडत नाहीस."

"दे."

तिनं ट्रंक उघडली. लुगड्याचं विटकं हिरवं फडकं, त्यात गुंडाळलेली वेणी. हातात घेतली तर जड लागली. केसांना इतकं वजन असतं हे मला माहीत नव्हतं.

"जाईन असं वचन देतेस?"

"देते."

"तिथं काही म्हणू नकोस. नुसती ठेव आणि ये."

"आणि मी प्रार्थना केली तर?"

एस्तेरनं ट्रंकेची कडी लावली. "कर. पण कुणाला केलीस ते मला सांगू नकोस."

घंटा झाली. मुली आपापल्या झाडांकडं पांगल्या. मी विलायती चिंचेकडून निघाले, बाभळीवरून गेले, आवाराच्या टोकाला एक शिरीष होता, त्याच्याही पुढं गेले. मागच्या फाटकाशी चक्रनारायणबाई दगडावर बसल्या होत्या. एस्तेरला ओट्यावर तालमीला सोडून त्या केव्हा इकडं आल्या, कुणास ठाऊक.

त्यांनी मान वर केली. तो तास बोलायचा नव्हता. त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या, कुठं?

मी डोंगराकडं बोट केलं.

त्यांची नजर माझ्या हातातल्या फडक्यावर आली. फडक्याच्या घडीतून केसांचं टोक बाहेर आलं होतं, त्याला बांधलेल्या तांबड्या रिबिनीसकट. मी ते झाकलं नाही. त्यांना काय दिसलं, एका भाविक मुलीचं एकांतात जाणं की दुसरं काही, हे मी त्यांच्या मरणापर्यंत विचारू शकले नाही, आणि त्याही कधी बोलल्या नाहीत.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी फाटकाची कडी हळूच उचलली, फाटक माझ्यापुरतं उघडलं, आणि माझ्याकडं पाठ करून पुन्हा दगडावर जाऊन बसल्या.

पायवाट सुरुवातीलाच उभी होती. फडकं छातीशी धरून मी चढायला लागले.